अकरावीची अपुरी झोप

दहावीपर्यंत शाळा घराजवळ असते. अकरावीला यादीत नाव लागेल तिथे जायचे आणि अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत पहिला तास सकाळी सातचा. डोंबिवलीहून दादरला जाणाऱ्या मुलीला मग पाचलाच उठावे लागते.

नेमक्या याच वयात मेलॅटोनिन हे झोपेची वेळ ठरवणारे संप्रेरक रात्री तास-दोन तास उशिरा स्रवू लागते. अकराच्या आत डोळा लागत नाही. मोबाइल त्यात भर घालतो, पण सगळे खापर त्याच्यावर फोडण्यात अर्थ नाही. गरज आठ ते दहा तासांची, पदरात सहा. वर्गात पेंगणारा मुलगा ‘कॉलेजात जाऊन बिघडला’ असे घरात म्हटले जाते, ते वेगळेच.

कॅलिफोर्नियात २०२२ पासून माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरत नाहीत. महाराष्ट्रानेही २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी नकोत, असा आदेश काढला. चांगलेच झाले. पण चिमुरडी एरवीही लवकर जागी होतात. ज्यांचे शरीर पहाटे उठायला तयार नसते, त्यांचा विचार त्यात नाही. खोल्या अपुऱ्या आहेत, दुपारी क्लास असतात, या अडचणी खऱ्या. तरी निदान पहिला तास साडेआठला ठेवून क्लासवाल्यांनाच थोडे पुढे सरकायला सांगावे.