हवेचे पाटे घ्यायचे, तर कॉम्प्रेसरसकट घ्या



आपल्या कारखान्याच्या रुग्णवाहिकेला हवेचे स्प्रिंग बसवावेत, असा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे येत आहे. विषय चांगला आहे. पण त्यासोबत जी काटकसर सुचवली जात आहे, ती चांगली नाही. म्हणणं असं, की फुगे तेवढे घ्यावेत. हवा काय, चौकातला पंक्चरवाला भरून देईल. गाडीवर कॉम्प्रेसर बसवायचा खर्च कशाला? माझं मत नेमकं याच्या उलट आहे, आणि ते सभेआधीच सर्वांपुढे यावं म्हणून हा प्रपंच.

आपल्या भागात एखाद्याला 'धंतोलीला नेलं' म्हटलं, की पुढं काही विचारावं लागत नाही. दुखणं तालुक्याच्या दवाखान्याच्या हाताबाहेर गेलं, हे ऐकणारा समजून घेतो. नागपुरात धंतोली म्हणजे गल्लोगल्ली दवाखाने. हाडाचे, मेंदूचे, हृदयाचे डॉक्टर तिथंच बसतात. पण तिथं पोचायला आपल्याला तीन-साडेतीन तास लागतात. खुबा मोडलेली म्हातारी त्या गाडीत आडवी असते, तेव्हा तिला डांबरातला प्रत्येक खड्डा वेगळा मोजता येतो. ड्रायव्हर बिचारा गाडी वीसवर आणतो, तरी 'अरे बापा, हळू' हे मागून ऐकू येतंच.

असं का होतं, हे आधी समजून घेतलं पाहिजे. कमान-पाटे हे पूर्ण भरलेल्या गाडीचा हिशेब धरून बनवलेले असतात. रुग्णवाहिकेत माल नसतो. एक रोगी, दोन नातेवाईक, ऑक्सिजनची टाकी, झालं. एवढ्या वजनानं पाटे वाकतच नाहीत, आणि जो पाटा वाकत नाही तो धक्का सरळ वर पाठवतो. आपली उसाची गाडी भरून येते तेव्हा डुलत येते आणि रिकामी परत जाते तेव्हा उडत जाते, हे कुणाला सांगायला नको.

हवेची थोरवी आपल्याला नवी नाही. लोखंडी धावेच्या बंडीला टायर लागले तेव्हा बैलाच्या मानेवरचा भार किती हलका झाला, हे जुन्या गाडीवानांना विचारा. हवेचं टायर चालतं करणारा डनलप हा स्वतः जनावरांचा डॉक्टर. १८८८ साली बेलफास्टला मुलाच्या तीनचाकीसाठी त्यानं ते बनवलं. टायरमध्ये हवा एकदा भरली की चार-आठ दिवस बघायला नको. तसंच फुग्याचंही असेल, असं आपण धरून चालतो, आणि घोटाळा इथंच होतो.

हवेच्या स्प्रिंगचा सगळा गुण हवा कमीजास्त करता येण्यात आहे. वजन वाढलं की आत जास्त हवा, उतरलं की कमी. असं केलं तरच गाडी भरलेली असो की रिकामी, सारखीच मऊ चालते. पंक्चरवाल्यानं सकाळी ४० पाउंड भरली, ती जाताना तीच आणि येताना तीच. रोगी धंतोलीला उतरवला, नातेवाईक तिथंच थांबले, गाडी रिकामी झाली. आता ती हवा सोडणार कोण? आणि संध्याकाळी परतीला डिस्चार्ज मिळालेला रोगी नि चार माणसं बसली, तर भरणार कोण? शिवाय वाटेत एखादा सांधा गळू लागला तर गाडी एका बाजूला बसणार. रात्री दोन वाजता माळरानावर पंक्चरवाला कुठून आणायचा?

याहून वाईट गोष्ट पुढं आहे. बाजारात स्वस्तात मिळतात ते मदतीचे फुगे. ते आहेत त्याच पाट्यांवर बसतात. पाटे कायम ठेवून वर फुगे टम्म फुगवले, तर गाडी मऊ होत नाही, अधिकच कडक होते! ते फुगे जादा वजनाखाली मागून दबणाऱ्या गाडीसाठी आहेत, आपल्या म्हातारीसाठी नाहीत. आपल्याला हवे आहेत ते पाट्यांची जागा घेणारे स्प्रिंग, आणि त्यांच्यासोबत हवा देणारं-घेणारं यंत्र.

हे काही अजब नाही. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या बसगाड्या १९५० च्या दशकापासून हवेवर चालतात. धंतोलीच्या कडेनं वर्धा मार्गावरून जी मेट्रो २०१९ पासून धावते, तशा मेट्रो गाड्यांच्या डब्यांखालीही हवेचेच स्प्रिंग असतात. डब्यात दहा माणसं असोत की दोनशे, डब्याची जमीन फलाटाच्या बरोबरीतच राहते, कारण गाडीवरच कॉम्प्रेसर असतो. एक लेव्हलिंग व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी खाली जोडलेली. डबा दबला की तो हवा आत घेतो, उचलला की सोडून देतो. माणसाला हात लावावा लागत नाही.

मोठ्या ट्रकला आणि बसला एअर ब्रेक असतो, म्हणून इंजिनावर कॉम्प्रेसर आयताच असतो. आपल्या रुग्णवाहिकेचे ब्रेक तेलाचे. तिला बॅटरीवर चालणारा, १२ व्होल्टचा वेगळा कॉम्प्रेसर लागेल, आणि सोबत छोटी टाकी. हा कॉम्प्रेसर सतत चालण्यासाठी नसतो. तो टाकी भरतो, ठरावीक दाब झाला की स्विच त्याला बंद करतो. टाकी नसेल तर तो घडीघडी चालू होऊन तापेल.

बसवताना काही गोष्टी कारागिरावर सोडून चालणार नाहीत. कॉम्प्रेसर सायलेन्सरपासून दूर आणि चिखल-पाण्याच्या वर हवा. हवा ओढायचं तोंड फिल्टरसह कोरड्या जागी. बॅटरीपासून येणाऱ्या तारेला बॅटरीजवळच फ्यूज, आणि जोडणी चावीवरून, म्हणजे गाडी उभी असताना गळतीपायी कॉम्प्रेसर चालत राहून बॅटरी उतरणार नाही. रोग्याची यंत्रं त्याच बॅटरीवर आहेत, हे विसरू नका. डाव्या-उजव्या फुग्यांची हवा एकमेकांत मोकळी फिरेल अशी जोडणी नको. वळणावर गाडी कलंडल्यासारखी होते. प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. दाबाचं घड्याळ ड्रायव्हरसमोर पाहिजे. आणि कॉम्प्रेसरच बिघडला तर हातपंपानं हवा भरता यावी म्हणून ट्यूबच्या वाल्व्हसारखं एक तोंड राखून ठेवायचं. हे तोंड चार पैशांचं, पण तेच लोक विसरतात.

काही सभासद विचारतील, की एवढ्या पैशात रस्ता का नाही नीट करत? रस्ता आपल्या हातात नाही, गाडी आहे. दुसरे म्हणतील, हे जमलं तर उसाच्या गाड्यांनाही लावू, दोन टन जादा येतील. त्यांना आत्ताच हात जोडून सांगतो, असलं काही मनात आणू नका. फुग्यानं गाडी वर उचललेली दिसते. धुरा, टायर आणि ब्रेक होते तेवढेच राहतात. नोंदणीत जे वजन आहे त्याहून किलोभरही अधिकार वाढत नाही.

कायद्याचंही बघावं लागेल. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा फेरफार गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं. तेव्हा गॅरेजवाल्याच्या भरवशावर न जाता आधी गाडीच्या कंपनीला आणि आर.टी.ओ.ला लेखी विचारावं, विम्यावाल्याला कळवावं, मगच पाट्याला हात लावावा. नकार आला तर आहेत ते पाटे खोलून, साफ करून, शॉकअप नवे टाकून घ्यावेत. अर्धवट फुग्यांपेक्षा ते केव्हाही बरं.

मंजुरी मिळाली, तर ठरावात आणखी एक ओळ टाकावी अशी माझी सूचना आहे. दाबलेली हवा थंड होते तेव्हा तिच्यातलं पाणी टाकीच्या तळाशी साचतं. पावसाळ्यात तर फारच. ते आठवड्यातून एकदा खालची तोटी उघडून काढावं लागतं, नाहीतर टाकी गंजते आणि व्हॉल्व्ह अडकतात. ही तोटी कोणी उघडायची, त्या माणसाचं नाव ठरावात लिहा. 'वाहन विभाग' असं लिहू नका.

— एक ऊस उत्पादक सभासद