मुलांसह सिंगापूर: तिकिटं कमी काढा, आधी भूक सांभाळा

मुंबईहून विमानाने साधारण साडेपाच तास. म्हणून मुलांना घेऊन पहिल्या परदेशवारीसाठी अनेक घरं सिंगापूर निवडतात. मग चार दिवसांत सगळं 'कव्हर' करायचं म्हणून सकाळपासून रात्रीपर्यंत धावपळ. पैसे आईबाबांचे, दमछाक मुलांची. खरं तर अशा सहलीचं वेळापत्रक तिकिटांवरून नव्हे, मुलांच्या जेवणा-झोपेवरून ठरायला हवं.

घड्याळाचं गणित काय?

सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथे सकाळचे ८ वाजतात तेव्हा मुलांच्या पोटात साडेपाचच वाजलेले असतात. हॉटेलचा नाश्ता जात नाही आणि भूक लागते ती नेमकी रांगेत. पहिल्या दोन सकाळी मोकळ्या ठेवा. पिशवीत खाऊ असू द्या, पण मेट्रोत डबा उघडू नका. तिथे खाण्या-पिण्यावर ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड आहे.

खायचं कुठे?

हॉकर सेंटरमध्ये. एका छताखाली अनेक छोटे स्टॉल, त्यामुळे एकाला डोसा आणि दुसऱ्याला नूडल्स हे भांडण तिथेच मिटतं. या खाद्यसंस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. लिटल इंडियातलं टेक्का सेंटर आपल्या जिभेला सोयीचं. पराठ्यासारखा रोटी प्राटा मुलांना आवडतो. सोबतची करी मात्र मासळीची किंवा मटणाची असू शकते, म्हणून डाळ मागा. शाकाहारी असाल तर भाजीच्या पदार्थातही सुक्या कोळंबीची पेस्ट नाही ना, हे आधी विचारा.

फुकटात काय?

• बोटॅनिक गार्डन्समधलं जेकब बालास चिल्ड्रन्स गार्डन: प्रवेश मोफत. इथे मोठ्यांना मुलाशिवाय सोडत नाहीत!
• गार्डन्स बाय द बे: मुलांच्या बागेत पाण्याचे खेळ. कपड्यांचा जास्तीचा जोड न्या. संध्याकाळचा सुपरट्रीचा प्रकाश-खेळही मोफत.
• मेट्रो-बस: ०.९ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना मोठ्यांसोबत तिकीट नाही.

मग नियोजन कसं?

दिवसाला तिकिटाचं एकच ठिकाण, दुपारी हॉटेलवर झोप. 'एवढे पैसे भरून झोपायचं?' असं कुणी म्हणेलच. पण पेंगुळलेलं मूल कडेवर घेऊन तीन ठिकाणं पाहण्यापेक्षा एक ठिकाण त्याच्यासोबत खेळून पाहिलेलं बरं. टूर कंपनीला पैसे भरण्याआधी दोनच प्रश्न विचारा: दुपारी विश्रांती आहे का, आणि रात्रीचं जेवण हॉटेलपासून किती लांब?