नजर अंधुक होते तेव्हा

यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या हंगामात कुणाची नजर अंधुक झाली, हातपाय गळाले, की पहिला संशय कीटकनाशकावर जातो. तो रास्तच आहे. 2017 मध्ये फवारणीतून झालेल्या विषबाधेने जिल्ह्यातील सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचा बळी घेतला होता. मात्र नजर आणि हातपाय यांवरच घाला घालणारा आणखी एक आजार आहे. तो विरळा आहे, पण ओळखायला उशीर झाला तर नुकसान कायमचे होते.

मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याची नस यांतील तंतूंवर विजेच्या तारेसारखे मायलिनचे आवरण असते. जंतूंशी लढण्यासाठी शरीर जी प्रतिपिंडे तयार करते, ती काहींच्या बाबतीत स्वतःच्याच पेशींवर उलटतात. मायलिनवरील ‘मॉग’ हे प्रथिन त्यांचे लक्ष्य ठरले, तर आजाराला ‘मॉगॅड’ म्हणतात. शेजारच्या आधारपेशींवरील ‘अ‍ॅक्वापोरिन-4’ लक्ष्य ठरले, तर ‘एनएमओ’. यातील दुसरा आजार बहुतांशी स्त्रियांना होतो. पहिला स्त्री-पुरुष दोघांनाही.

पूर्वी असे अनेक रुग्ण मल्टिपल स्क्लेरोसिसचे समजले जात. अ‍ॅक्वापोरिनविरोधी प्रतिपिंड 2004 मध्ये सापडले. मॉगॅडच्या निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष तर 2023 मध्ये आले. हा फरक केवळ नावाचा नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसवरील इंटरफेरॉनसारखी काही औषधे एनएमओ बळावू शकतात.

विषबाधेची लक्षणे बहुधा काही तासांत दिसतात. सोबत घाम, लाळ, उलट्या असतात. तशी शंका असेल तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. या आजारात मात्र नजर काही दिवसांत उतरत जाते, डोळा फिरवताना दुखतो, रंग फिके दिसतात. मज्जारज्जूला सूज आली, तर पाय बधिर आणि जड होतात, लघवी अडते. हे ‘मणक्याचे दुखणे’ समजून अनेकदा फक्त कमरेचा एमआरआय काढला जातो. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. त्यामुळे मान आणि पाठीतील सूज त्या चित्रात येतच नाही.

झटका आला की शिरेतून स्टिरॉइड लवकर देणे, हा पहिला उपचार. त्याने भागले नाही तर रक्तद्रव बदलावा लागतो. पुन्हा झटका येऊ नये म्हणून पुढे प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे लागू शकतात. ती सुरू करण्यापूर्वी क्षयरोग नाही ना, हे आपल्याकडे तपासलेच पाहिजे.

यातील पहिली पायरी जिल्ह्यातच व्हायला हवी. प्रतिपिंडांच्या चाचणीसाठी रुग्णाने महानगरात जाण्याची गरज नाही. रक्ताचा नमुना जाऊ शकतो. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून असे नमुने ठरलेल्या प्रयोगशाळेकडे मोफत पाठवण्याची पक्की व्यवस्था असावी. लक्षणे जुळत नसताना सरसकट चाचणी मात्र नको. मॉगचा अहवाल कधी कधी फसवाही निघतो. नेत्रविभाग, अस्थिविभाग आणि मेडिसिन विभागाने अशा रुग्णाबद्दल त्याच दिवशी एकमेकांशी बोलावे.

महागडी औषधे हा पुढचा प्रश्न आहे. आधी संशय तरी वेळेवर यायला हवा. त्याला पैसा लागत नाही; डोळा दुखतो का, रंग फिके दिसतात का, लघवी होते का, हे विचारावे लागते.