धर्मयुद्धाचं भाडं

धर्मयुद्ध म्हटलं की मी गोदीवाला आधी जहाजाचं भाडं विचारतो. १२०१ मध्ये क्रुसेडवाल्यांनी व्हेनिसशी करार केला: ३३,५०० माणसं, ४,५०० घोडे, भाडं ८५,००० मार्क चांदी. जायचं मुसलमानांवर. माणसं आली तिसरा हिस्सा. सरदारांनी सोन्याचांदीची भांडी दिली, तरी ३४,००० मार्क कमी. उचल अंगावर राहिली की मुकादम सांगेल ते ओझं उचलावं लागतं, हे मला कुणी शिकवायला नको. व्हेनिसचा आंधळा म्हातारा सत्ताधीश दांदोलो म्हणाला, वाटेवरचं झारा घेऊन द्या, देणं मागाहून. झारा तर ख्रिस्त्यांचंच! १२०२ मध्ये लुटलं. १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल, तेही ख्रिस्त्यांचंच, तीन दिवस नागवलं. कसला क्रूस नि कसलं काय! तिथले तांब्याचे चार घोडे व्हेनिसच्या चर्चवर चढले. जेरुसलेमला ही फौज पोचलीच नाही.