पेन्शन मंजूर झाली, पण वर्षे मोजणार कोण?

बांधकाम कामगारांना साठीनंतर पेन्शन मिळणार, ही बातमी २०२५ मध्ये आली आणि झरी जामणी तालुक्यातही मोबाइलवरून भराभर फिरली. "आता महिन्याला बारा हजार येणार," असे आनंदाने सांगणारे मिस्त्री आम्हाला भेटले. त्यामुळे आधी खरा आकडा सांगणे भाग आहे. हे बारा हजार महिन्याचे नाहीत, वर्षाचे आहेत.

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे १० वर्षे नोंदणी असेल तर वर्षाला ६ हजार, १५ वर्षे असेल तर ९ हजार आणि २० वर्षे असेल तर १२ हजार रुपये, असा हा निर्णय आहे. महिन्याचा हिशेब केला तर ५००, ७५० किंवा १ हजार. याच राज्यात संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेत महिन्याला १५०० रुपये मिळतात. तेही अपुरेच आहेत. पण वीस वर्षे विटा-सिमेंट वाहणाऱ्याच्या श्रमाची किंमत सरकार निराधाराच्या मदतीपेक्षाही कमी ठरवते, हे लक्षात घेतले पाहिजे.

आणि हा पैसा सरकारचा उपकार नाही. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर किमान १ टक्का उपकर बसवला. मंडळाचा निधी मुख्यतः त्यातूनच उभा राहतो. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असला तरी उपकर कायम आहे. उद्योगाने आपल्या मजुरासाठी निधी द्यावा, ही कल्पना आपल्याला नवी नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. त्यात कोळशावरच उपकर लावला होता. मुकुटबन-वणीच्या कोळसा पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या तरुणांना हा इतिहास पाठ असला पाहिजे. जो हक्क आहे तो मागताना मान खाली घालायची नसते.

आता वर्षांचा हिशेब. नोंदणी १८ ते ६० वयातच होते. आज ५२ वर्षांच्या माणसाने पहिल्यांदा नोंदणी केली तर साठीपर्यंत त्याची आठच वर्षे भरतात. म्हणजे पेन्शन शून्य. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी केली तर ६ हजारांचा टप्पा गाठता येतो. पूर्ण पेन्शन हवी असेल तर चाळिशीच्या आत नाव लागायला हवे. मंडळच २०११ मधले आहे. तेव्हापासून एकही वर्ष न चुकवणाऱ्याची २० वर्षेसुद्धा २०३१ मध्ये भरतील. ज्यांनी गेली तीस-चाळीस वर्षे इथली घरे, शाळा, पाण्याच्या टाक्या बांधल्या, त्या पिढीच्या हाती यातून फारसे काही पडणार नाही.

मृत्यूनंतरचे लाभ मोठे आहेत, पण वाट तीच आहे. कामावर असताना मृत्यू झाला तर वारसाला ५ लाख, नैसर्गिक मृत्यू झाला तर २ लाख. विधवा पत्नीला किंवा विधुर पतीला पाच वर्षे दरसाल २४ हजार. पण हे सगळे नोंदणी जिवंत असेल तरच. ती दरवर्षी जिवंत ठेवावी लागते आणि त्यासाठी वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो.

इथे आमचीच एक चूक सांगतो. तालुक्यातल्या एका गावात आम्ही नोंदणीचे शिबिर घेतले होते. फोटो काढले. पुढे भांड्यांचा संच मिळाला तेव्हा पुन्हा फोटो काढले. नंतर त्यातला एक मिस्त्री गेला. त्याच्या बायकोने प्लास्टिकच्या पिशवीतून कार्ड काढून आमच्यापुढे ठेवले. नवरा जाण्याच्या चार महिने आधीच त्याची मुदत संपली होती. "तुम्हीच तर काढून दिलं होतं ना, भाऊ?" एवढेच ती म्हणाली. आमच्याकडे उत्तर नव्हते. नूतनीकरणाची तारीख आम्ही कुठेच लिहून ठेवली नव्हती.

दोष तिच्या नवऱ्याच्या अज्ञानाचा, असे म्हणून मोकळे होता येणार नाही. नोंदणी म्हणजे भांडी, असा समज आपणच पसरू दिला. भांडी घरात आली की कार्ड कपाटात जाते. त्यात आपले बरेच मजूर पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे कामाला जातात. तिथला मुकादम मजुरी देतो, कागद देत नाही. मग ९० दिवसांच्या दाखल्यासाठी एजंट गाठावा लागतो आणि हक्काच्या पैशात त्याचा वाटा पडतो.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पेन्शन किमान निराधार योजनेइतकी करावी आणि महागाईबरोबर वाढवावी. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी वर्षांची अट सैल करावी. मुदत संपून काही महिनेच झाले असतील तर वारसाचा अर्ज फेटाळू नये. राज्याबाहेरच्या कामाचे दिवस धरण्याची सोपी पद्धत असावी.

पण मागण्या मान्य होईपर्यंत कार्डे मरत राहतील. तोवरचे काम आपल्या हातातले आहे. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. कामगाराचे नाव, जन्मवर्ष, पहिल्या नोंदणीची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि वारसाचे नाव त्यात लिहा. दर पौर्णिमेला वंदना झाली की वही उघडा आणि पुढच्या दोन महिन्यांत ज्यांची मुदत संपते त्यांच्या घरी जा. वही बौद्धांपुरती नको. कोलाम, गोंड, जो कोणी विटा वाहतो त्याचे नाव तिच्यात हवे. माती-विटा वाहणाऱ्या बाया केवळ कोणाची तरी पत्नी म्हणून राहू नयेत, त्यांची नोंदणी त्यांच्या स्वतःच्या नावाने करा.

आमच्या वहीत पहिले नाव त्या मिस्त्रीच्या बायकोचे आहे. तीही गवंड्याच्या हाताखाली काम करते. वय एकेचाळीस. दरवर्षी न चुकता नूतनीकरण झाले तर साठीला तिची एकोणीस वर्षे भरतील. वीसला एक कमी. तेवढा उशीर आमचा आहे. आणखी एक वर्ष वाया जाऊ द्यायचे नाही, एवढे आम्ही ठरवले आहे.

जय भीम.