ओवीची वैरण

कविता ही माणसातल्या जनावराची हाक आहे, असे कोणी म्हटले की आपल्या माणसाच्या कपाळावर आठी पडते. पडणारच. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत आणि आपल्याला मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतले, ते आपणही माणसेच आहोत हे दाखवण्यासाठी. म्हणून 'जनावर' हा शब्द आम्ही जपूनच वापरतो.

पण अंगातून येणारी कविता हलकी, असे आम्ही मानत नाही. जाते आठवा. दोन बाया समोरासमोर बसत, एक पाय पसरून, एकच खुंटा धरून. ओढीला जेवढा दम पुरे, तेवढीच ओवीची ओळ. जात्यात घालायच्या मूठभर दाण्यांना आपण वैरण म्हणतो आणि गुरांच्या चाऱ्यालाही वैरणच! बाबासाहेबांवर ओव्या रचणाऱ्या कितीतरी आयाबायांना अक्षरओळख नव्हती, विचार मात्र पक्का होता. तो खांद्यातून, पोटातून वर येई. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नाने खेड्यापाड्यांतून एक लाखावर ओव्या गोळा झाल्या. पिठाची गिरणी आली, बायांच्या पाठीला आराम पडला आणि ओवी मागे पडली. तरी जाते परत या, असे आम्ही म्हणणार नाही. पाठ मोडून मिळणारी कविता आयाबहिणींवर कोणी लादू नये.

गिरणीने ओवी नेली, पण आमच्या इचलकरंजीच्या मागाने नवे गाणे दिले नाही. इथे पहिला यंत्रमाग १९०४ साली आला. साध्या मागाचा धोटा मिनिटाला शंभरावर वेळा इकडून तिकडे जातो. जाते माणसाच्या दमाने फिरे. इथे माणूस मागाच्या दमाने पळतो. खडखडाटात शेजाऱ्याशी खुणेने बोलायचे, तिथे गाणार कोण?

१९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. भूक, घाम, रोग, विकले जाणारे अंग, सगळे उघडे. पुष्कळांनी नाके मुरडली. ढसाळ माणसाला जनावर ठरवत नव्हते. त्याला जनावरासारखे कोणी जगवले, त्याची ती साक्ष होती.

आणि १४ एप्रिलची रात्र बघा. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, गाणी राहिली. ढोलकीवर थाप पडते आणि बारा तास मागापुढे उभा राहिलेला कामगार टाळी धरतो, पोटातून सूर काढतो. दुसऱ्या दिवशी घसा बसलेला असतो. पण पाळीवर बोलायचे नसतेच.