रविवारच्या तासाचा शिक्षक

खामगाव म्हटले की कापसाची बाजारपेठ आणि चांदीचा व्यापार या दोन गोष्टी प्रथम डोळ्यांपुढे येतात. या गावात थोडी का होईना, पण कॅथलिक कुटुंबे राहतात, ही गोष्ट गावातल्याच अनेकांच्या ध्यानी नसते. सन १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात बुलढाणा जिल्ह्याचा समावेश होतो. वसईत कॅथलिक मुलाला वर्गात आपल्या धर्माचे सोबती मिळतात; वऱ्हाडातल्या गावी तो बहुधा वर्गात एकटाच असतो. साहजिकच बाकावरचा मित्र त्याला विचारतो, ‘तुमच्यात उपास कशासाठी करतात?’ रविवारी पाठ केलेले उत्तर त्या मुलाच्या ओठावर असते. परंतु ते ज्या भाषेत पाठ केले ती मित्राची भाषा नसते. मुलगा गप्प बसतो. हे गप्प बसणे किरकोळ वाटते. प्रत्यक्षात ते एका दुर्लक्षित शिक्षणव्यवस्थेचे निदर्शक आहे.

भारतीय राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानुसार सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीवाचून ते मुलावर लादता येत नाही. ही तरतूद योग्यच आहे. मात्र तिचा अर्थ असा की, धर्मशिक्षणाची जबाबदारी त्या त्या समाजाने स्वतःच वाहिली पाहिजे. कॅथलिक समाजात ती चर्चमधील रविवारच्या वर्गाकडे येते. प्रत्येक रविवारी व सणाच्या दिवशी मुलांना तासभर धर्मशिक्षण द्यावे, असे दहाव्या पायस पोपनी १९०५ मध्ये बजावले. १९१० मध्ये त्यांनीच प्रथम कम्युनियनचे वय साधारण सात वर्षांवर आणले. म्हणजे अक्षरओळख नुकतीच पक्की झालेल्या मुलाला श्रद्धेचा आशय समजावून देण्याचे काम या वर्गावर येऊन पडले. हे काम करणारी व्यक्ती म्हणजे धर्मशिक्षक. ती कधी धर्मभगिनी असते. पण पुष्कळदा एखादी गृहिणी, प्राथमिक शाळेतील शिक्षिका किंवा कचेरीतला कारकून असतो.

या शिक्षकाच्या वाट्याला येणाऱ्या वेळेचा हिशेब उद्‌बोधक आहे. सुट्ट्या, परीक्षा आणि विदर्भातला कडक उन्हाळा वजा जाता वर्षाचे चाळीस रविवार हाती लागतात असे धरले, तर चाळीस तास होतात. शाळेत दिवसाला पाच तास अध्यापन होते असे मानल्यास हे चाळीस तास म्हणजे शाळेचे अवघे आठ दिवस! एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर मुलाने प्रार्थना शिकावी, बायबलमधील कथा जाणाव्यात, संस्कारांचा अर्थ समजून घ्यावा, अशी अपेक्षा असते. साधन जितके दुर्मिळ तितका त्याचा विनियोग काटेकोर हवा, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा होय. या आठ दिवसांतला मोठा भाग अपरिचित भाषेतील वाक्ये घोकण्यात जात असेल, तर तो निव्वळ अपव्यय आहे.

हे सत्य चार शतकांपूर्वी एका परकीयाला उमगले होते. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले आणि पुढील आयुष्य त्यांनी मुख्यतः साष्टीत वेचले. त्यांचे मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. या ग्रंथाच्या जन्माची जी हकीकत त्याच्या आरंभी येते, ती प्रस्तुत संदर्भात फार मोलाची आहे. चर्चमध्ये मुलांना धर्माची शिकवण दिली जात असता एक ब्राह्मण विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांस का देत नाही? या प्रश्नामागची भूक कथेची होती, भाषेची होती. स्टीफन्स यांनी ती ओळखली आणि सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. मुलांसाठी त्यांनी लिहिलेली प्रश्नोत्तररूप कोंकणी पोथी त्यांच्या निधनानंतर, १६२२ मध्ये छापली गेली. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने फर्मान काढून स्थानिक भाषा सोडण्यासाठी लोकांना तीन वर्षांची मुदत दिली. सत्ता गेली, फर्मान विस्मृतीत गेले. गोव्याची कोंकणी प्रार्थना मात्र आजही जिवंत आहे. श्रद्धा कोणत्या भाषेत मूळ धरते, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

यावर एक आक्षेप येईल आणि तो अगदीच निराधार नाही. विदर्भातील अशा गावी चर्चमध्ये जमणारी कुटुंबे एका भाषेची नसतात. कोणी केरळातून नोकरीनिमित्त आलेले, कोणाच्या घरी कोंकणी, कोणाच्या घरी तमिळ. धर्मगुरू आणि भगिनीही पुष्कळदा दक्षिणेतल्या. तेव्हा हिंदी वा इंग्रजी ही सर्वांना सोयीची, असा युक्तिवाद होतो. परंतु सोय कोणाची पाहायची, शिकवणाऱ्याची की शिकणाऱ्याची? खामगावात वाढणारे मूल मैदानावर मराठीतच भांडते. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीचीही झाली आहे. शिवाय तयार साहित्याचा दुष्काळ आहे असेही नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. वसईत हे घडू शकते, तर वसईचे पुस्तक वऱ्हाडात पोहोचण्यास अडचण कोणती?

अडचण असलीच तर ती धर्मशिक्षकाकडे पाहण्याच्या दृष्टीत आहे. त्याची सेवा विनामूल्य असते, म्हणून ती बिनखर्ची आहे असा समज रूढ झाला आहे. कोणतेही श्रम बिनखर्ची नसतात. त्यांचा भार कोणीतरी वाहतच असतो. येथे तो एखाद्या गृहिणीच्या एकुलत्या सुट्टीवर पडतो. सेवेला वेतन लावले की तिचे पावित्र्य जाते, असे म्हणणाऱ्यांनी चर्चचाच १९८३ चा कायदा पाहावा. चर्चच्या विशेष सेवेला वाहून घेणाऱ्या सामान्य प्रापंचिकांना योग्य मोबदल्याचा हक्क आहे, आणि धर्मशिक्षकांची नीट तयारी करून घेणे हे बिशपांचे कर्तव्य आहे, अशी त्यात तरतूद आहे. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाच्या कार्याला रीतसर सेवापदाचा दर्जा दिला. दर्जा कागदावर आला. आता पुस्तके, प्रशिक्षण आणि निदान प्रवासखर्च तरी प्रत्यक्षात यावयास हवा. रविवारी एकच तास देणाऱ्याला पगार नको असेल, पण त्याला खडू-फळ्याचा खर्चही पदरचा करावा लागणे समाजाला शोभणारे नाही.

हा प्रश्न मूठभर कुटुंबांचा खाजगी मामला आहे, असे इतरांनी समजू नये. हरिपाठ शिकविणारे महाराज असोत, मदरशातील मौलवी असोत वा बुद्धविहारातील धम्मवर्ग असो, कसोटी एकच आहे. आपल्या मुलाला आपला धर्म शेजाऱ्याच्या भाषेत, न संकोचता आणि न भांडता सांगता येतो काय? ज्याला आपली श्रद्धा समजलेली असते तो प्रश्नाने बिथरत नाही. ज्याने ती केवळ घोकलेली असते तो एक तर ती मोठेपणी टाकून देतो, नाही तर शंका विचारणाऱ्याला शत्रू मानतो. या दोन्ही गोष्टी त्या समाजाला आणि गावाला सारख्याच महाग पडतात.

बाकावरच्या त्या मित्राने विचारलेला प्रश्न कुतूहलाचा होता, कुचेष्टेचा नव्हता. त्याला साध्या मराठीत उत्तर मिळाले असते, तर दोन मुलांची ओळख त्या दिवशी थोडी वाढली असती. रविवारच्या तासाचा शिक्षक ते उत्तर मुलाच्या तोंडी देऊ शकतो. मात्र त्यासाठी तो शिक्षक आहे, हे आधी मान्य व्हावयास हवे.